मामाला मिशी नव्हती

बायकोला मारणारा माणूस दिसतो कसा, सांगता येईल तुम्हाला? जरा डोळे मिटा आणि त्याचा चेहरा समोर आणा. मी सांगते काय आलं असेल ते. झुपकेदार मिशा, तांबारलेले डोळे, एका हातात बाटली, दुसरा हात उगारलेला आणि पायाशी गुडघ्यात डोकं घालून बसलेली बाई. हे चित्र मला इतकं पाठ आहे, कारण आमच्या घरात ते गठ्ठ्यांनी होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, जी पत्रकं काढायचे त्यांतल्या बायकांवरच्या अत्याचाराबद्दलच्या प्रत्येक पत्रकावर डाव्या कोपऱ्यात हे चित्र असायचं. परभणीच्या एका छापखान्यात त्याचा ठसा करून ठेवलेला होता. गुलाबी कागद असो की पिवळा, मजकूर कोणताही असो, कोपऱ्यात तो मिशीवाला हजर.

पेडगावात आमचं घर पत्रकांचं घर म्हणूनच ओळखलं जायचं. अण्णांची थोडी कोरडवाहू जमीन होती, कापूस आणि तूर व्हायची, पण त्यांचा जीव लिहिण्यात. दारूबंदी, हुंडा, मुलींची शाळा, बालविवाह, अंगात येणं, कशावरही पत्रक. छापून आणलेला गठ्ठा एसटीतून उतरवताना त्यांचा चेहरा बाळंतिणीच्या नवऱ्यासारखा व्हायचा. बिघडलेल्या छपाईचे कागद आमच्या घरात सगळीकडे असत. डब्यात तळाला, फळीवर भांड्यांखाली, शेंगदाणे गुंडाळायला, चूल पेटवायला. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पाटीवर नाही, ज्वारीच्या डब्याच्या तळाशी. त्याचा परिणाम असा की तिसरीत गाईवर निबंध आला तेव्हा मी शेवटी लिहिलं होतं, ‘गाईच्या मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ बाईंनी तो निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. पोरं हसली. मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे? माझं अजूनही तेच मत आहे.

आई सातवी शिकलेली. पण अण्णांचा एकही मजकूर तिच्या कानावरून गेल्याशिवाय छापायला जायचा नाही. ती भाकऱ्या थापत असायची, अण्णा चुलीजवळ पाटावर बसून वाचायचे, आणि तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवता फिरवता ती निकाल द्यायची. “हे वाक्य लय लांब झालं. वाचणारीची भाकरी करपून जाईल तवर.” अण्णा चिडायचे, पेन्सिल काढायचे आणि वाक्य तोडायचे. मग ती गरम भाकरीवर लसणाची चटणी आणि तेलाची धार घालून त्यांच्या पुढ्यात सरकवायची. आमच्या घरातलं प्रेम असं असायचं. त्याला थापण्याचा आवाज होता आणि धुराचा वास होता.

नलूआत्या ही अण्णांची धाकटी बहीण. अण्णांनीच तिला वाढवलेलं. ती हसली की गल्लीच्या टोकाला कळायचं. येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पुडीची, आमटी करावी तर तिनं. लाल, झणझणीत, वरून कोथिंबीर, आणि खाणारा हुसहुस करत असताना ही पदर तोंडाला लावून हसणार. तिचं लग्न पालमला झालं आणि आम्हाला मामा मिळाले. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणायचो. त्यांचं शेतीच्या औजारांचं दुकान होतं. उंच, गोरे, स्वच्छ दाढी केलेले. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. आले की माझ्यासाठी परभणीच्या स्टँडवरून जिलेबी. मला खाटेवर उभं करून भाषण द्यायला त्यांनीच शिकवलं. “हात मागं बांधू नको. समोरच्याच्या डोळ्यात बघ. आन शेवटचं वाक्य हळू बोल, म्हणजे लोक पुढं वाकतात.” हे मी आजही पाळते. सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आणि अण्णांच्या पत्रकांचा त्यांच्याइतका भक्त दुसरा नव्हता. प्रत्येक गठ्ठ्यातला अर्धा पालमला जायचा. बाजाराच्या दिवशी दुकानासमोर उभं राहून मामा पत्रक मोठ्यानं वाचायचे. गर्दी जमायची. बाई ही पायातली वहाण नव्हे, असं त्यांनी म्हटलं की म्हातारेसुद्धा माना डोलवायचे. अण्णा घरी येऊन सांगायचे, “मी नुसतं लिहितो. जावईबापू त्याच्यात जीव ओततात.”

एका वर्षी श्रावणात मामांचा फोन आला. पंचमीला लेकी माहेरी येतात, त्यांना आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. दरवर्षी अण्णाच मुराळी व्हायचे. मामा फोनवर हसत म्हणाले, “दादा, यंदा नका येऊ. घरी पाव्हणे हायेत, नलूला निघता येत न्हाई. आन पंचमीचं एवढं काय? तुमीच लिहिलंय, नाग दूध पीत न्हाई म्हणून.”

अण्णांना हे इतकं आवडलं की त्यांनी फोन ठेवून ते आम्हाला दोनदा सांगितलं. आई ज्वारी निवडत होती. ती हसली नाही.

“नाग पीत नसंल,” ती म्हणाली, “पण तुमी दिंडं खाता ना पंचमीची? मंग? नलूला यायचं असतंय. पाव्हणे आले तरी ती कधी थांबली न्हाई.”

“अगं, त्यांनी स्वतः सांगितलं.”

“त्यांनी सांगितलं. तिनं कुठं सांगितलं?”

दुसऱ्या दिवशी अण्णांची बोरीला सभा होती. आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं, माझी वेणी घातली आणि जाहीर केलं, “मी जाते मुराळी.” बाईमाणूस मुराळी जात नाही. तसा कुणी नियम लिहून ठेवलेला नाही, पण जात नाही. शेजारच्या सरूकाकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “अगं बया, आता ह्या घरात एवढंच राहिलं हुतं! पटका पण बांध की.” आई म्हणाली, “आना तुमच्या मालकाचा, बांधते.”

आम्ही परभणीला गाडी बदलून दुपारी पालमला उतरलो. मामा दुकानात होते. आम्हाला बघून एक क्षणभर थांबले आणि मग केवढ्यानं हसले. “वैनी मुराळी! दादांच्या घरात क्रांती झाली की!” त्यांनी गडबडीनं पेढे आणवले, मला काउंटरवर बसवलं, गिऱ्हाइकांना ओळख करून दिली. ही आमची भाची, पुढची पुढारी. दुकानामागेच त्यांचं घर, तिथे एकही पाहुणा नव्हता. कालच गेले, ते म्हणाले.

इथे मला थोडं थांबायचं आहे. पुरुष मुराळी जातो तेव्हा तो ओसरीवर बसतो. पाणी येतं, चहा येतो, पाऊसपाण्याच्या गप्पा होतात, आतून बहीण पदर सावरत पिशवी घेऊन येते आणि दोघं निघतात. पिढ्यानपिढ्या किती भाऊ असे आनंदानं गेले आणि आनंदानं आले! कुणीही चुलीपर्यंत पोचला नाही. आई चपला काढून सरळ आत गेली, कारण बाई पाहुणी आली की तिची जागा आतच.

मीही मागे गेले. आत्या आम्हाला बघून रडायलाच लागली आणि रडता रडता हसायला. माझ्या गालावरून हात फिरवला. “किती वाढलीस गं!” स्वयंपाकघर नेहमीसारखं लख्ख होतं, फक्त एक निराळं होतं. भिंतीवरच्या दोन्ही फळ्या रिकाम्या होत्या. मसाल्याचे डबे, पिठाचा डबा, परात, तांबे, सगळं खाली जमिनीवर भिंतीला लागून ओळीनं मांडलेलं. मला वाटलं, रंग द्यायचा असेल. आईनं फळ्यांकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, “चहा मी करते, तू लुगडं बदल.”

आत्याला पाठवायला मामांनी नाही म्हटलं नाही. कसं म्हणणार, भरल्या दुकानासमोर? उलट स्टँडपर्यंत सोडायला आले. “वैनी, दादांना सांगा, नवीन गठ्ठा लवकर पाठवा. लोक विचारायलेत.”

पंचमीच्या दिवशी आमच्याकडे काही चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. पुरणाची दिंडं वाफवतात. हळदीच्या पानांचा वास घरभर, त्यावर तूप. परातीत ज्वारीच्या लाह्या फुललेल्या. चिंचेच्या झाडाला चऱ्हाटाचा झोका, आणि गावच्या झाडून सगळ्या लेकी, कुणी पाथरीहून, कुणी सेलूहून, कुणी पाच पोरांची आई झालेली, हाताला मेंदी लावून पुन्हा पोरी झालेल्या. आत्या झोक्यावरची राणी होती. उभ्यानं चढवायची, गुडघ्यात वाकून असा जोर द्यायची की समोरची किंचाळायची आणि वरची पानं हातात यायची. त्या दिवशी सगळ्या ओरडल्या, “नले, चढ!” ती म्हणाली, “नगं बाई, वय झालं आता.” सरूकाकूंनी तिला ओढलं. “तुझं वय झालं तर माझं काय सरण रचायचं?” आत्या झोक्याच्या फळीवर चढली. उजव्या हातानं दोर धरला. डावा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. तिनं हसत हसत दुसऱ्यांदा प्रयत्न केला. हात पुढे जाईना. मग ती उतरली आणि म्हणाली, “चक्कर येतीया.”

आईनं माझ्या हातात लाह्यांची परात दिली आणि म्हणाली, “चल नले, लाह्या कमी पडल्या, घरून आनू.” परात भरलेली होती. मी ती तशीच घेऊन त्यांच्या मागे गेले.

घरी आईनं दार लोटलं. आत्याला खाटेवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. तो मारतो का, असं तिनं विचारलं नाही. ती म्हणाली, “हात कवापासून वर जात न्हाई?”

आत्या बराच वेळ आपल्या मेंदीकडे बघत राहिली. आई एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, आता आईनं काहीतरी बोलावं, धीर द्यावा. पण ती नुसती बसून होती, हात मांडीवर ठेवून, जणू तिला दुसरं कामच नव्हतं. मग आत्या बोलली.

“आखाडापासून. पिरगळला.” आणि एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही. कधी भाकरी करपली म्हणून, कधी दुकानात गिऱ्हाइकाला उत्तर दिलं म्हणून, कधी हसण्याचा आवाज बाहेर गेला म्हणून. “वैनी, तुमच्या चित्रातला बाप्या पिऊन मारतो. ह्यो शुद्धीत मारतो. मारून झालं की हात धुतो, तोंड पुसतो आन पत्रक वाचायला जातो. मला म्हणतो, जा सांग माहेरी. तुझ्या भावाची काय इज्जत ऱ्हाईल बघ. लोक म्हणतील, गावाला शहाणपण शिकवतो आन बहिणीचं बघा.” माझ्याकडे बघून ती एकदम थांबली. “पोरीला भाईर पाठव.”

“ऐकू दे तिला,” आई म्हणाली.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. माझे अण्णा, ज्यांचा आवाज सभेत माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचायचा, त्यांचा आवाज चुलीपर्यंतही पोचेना. पहिलं वाक्य त्यांनी काय उच्चारावं? “पण त्याला तर सगळी पत्रकं पाठ हायेत.” त्यांना खरंच तसं वाटत होतं. ज्याला ती वाक्यं पाठ आहेत तो तसा असू शकत नाही, असं त्यांचं गणित होतं, आणि असं गणित पत्रकं लिहिणाऱ्याच्याच घरात मांडलं जाऊ शकतं. आमच्या सगळ्यांची नजर त्या मिशीवाल्याला शोधत होती. मामाला मिशी नव्हती.

“मी बोलतो त्याच्याशी,” अण्णा म्हणाले. “समजावून सांगतो.”

“काय सांगता?” आई म्हणाली. “तुमच्यापेक्षा चांगलं बोलतो तो.”

आत्या म्हणाली, “दादा, राहू दे. मी जाते माघारी. तुझं हसं हुईल. इतक्या वर्षांचं केलेलं मातीत जाईल.” अण्णांनी दिंडाला हात लावला नाही. अंगणात जाऊन उकिडवे बसले. खूप वेळानं आत येऊन बहिणीच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “होऊ दे हसं. नले, तुला काय पाहिजे ते सांग. मी लिहिणार न्हाई, बोलणार न्हाई, तू म्हणशील ते करीन.” आत्या म्हणाली, “मला जायचं न्हाई.” एवढंच. आईनं त्यांची ताटं पुन्हा वाढली.

मामा तिसऱ्या दिवशी न्यायला आले. जिलेबी होतीच. अंगणात खाट टाकली. आईनं काय केलं असेल? गल्लीतल्या बायकांना शेवया वळायला बोलावलं. श्रावणात शेवया कोण वळतं? कुणी विचारलं नाही, सगळ्या पाट घेऊन आल्या. आत्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मी येणार न्हाई.”

मामा हसले. ते अण्णांकडे बघून बोलू लागले. दोन भांडी एकत्र आली की आवाज होतो, दादा. तिचा स्वभाव थोडा मनाला लावून घेण्याचा आहे. तुम्ही तर स्त्रीची मानसिकता जाणता. किती गोड बोलत होते! सरूकाकूंचे हात शेवयांवर थांबले होते, आणि मला खरोखर भीती वाटली की आता सगळ्यांना पटणार. मलाच पटत होतं. शेवटचं वाक्य ते हळू बोलले आणि बायका थोड्या पुढे वाकल्या.

अण्णा म्हणाले, “मला न्हाई, तिला इचारा.”

मामा उठले. आवाज तोच, हसू तेच. “चल, आत बसून बोलू,” म्हणत त्यांनी हात पुढे केला आणि तो हात सवयीनं, न बघता, आत्याच्या डाव्या दंडावर गेला. आत्याचं सगळं अंग एकाएकी आखडलं. खांदा कानाला लागला, मान वळली, डोळे घट्ट मिटले. नवऱ्यानं नुसता हात लावला म्हणून कुणी असं करत नाही. अंगणातल्या प्रत्येक बाईनं ते पाहिलं. कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या आयुष्यात मी जे सगळ्यात भयंकर पाहिलं ते तिचं आखडणं नव्हे. ते इतक्या बायकांना इतक्या पटकन ओळखू आलं, हे होय.

सरूकाकू उठल्या. हाताला पीठ तसंच. दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. “जावईबापू,” त्या म्हणाल्या, “चहा घ्या आन निघा. पालमची गाडी चुकंल.”

मामा कुणाकुणाकडे बघणार? बायकांनी शेवया पुन्हा सुरू केल्या होत्या, पण नजर कुणीही खाली घेतली नाही. ते चहा न घेता गेले. जिलेबी सरूकाकूंनी गल्लीतल्या कुत्र्यांना घातली. कुत्र्यांची चैन झाली.

पुढचं सोपं नव्हतं. डॉक्टर, संरक्षण अधिकाऱ्यांचं कार्यालय, कोर्ट, तारखा. बाजारात अण्णांना टोमणे बसले, “काय पत्रकवाले, घरचं पत्रक कवा?” त्यांनी ते खाली मान घालून ऐकले. पण अर्ज कुठे करायचा, घरात राहण्याचा हक्क कुणाचा, दुखापतीची नोंद का हवी, हे आत्याला शिकवावं लागलं नाही. कार्यालयातल्या बाईंनी आश्चर्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “ह्यो दारात वाचायचा, मी आत भाकरी थापत ऐकायची. टाळ्या त्याला मिळाल्या. ध्यानात माझ्या ऱ्हायलं.” हे ऐकून अण्णा बाहेर जाऊन रडले. म्हणून मला कुणी म्हटलं की कागदानं काय होतं, जागृतीनं काय होतं, तर माझं डोकं फिरतं. कागदानं मारणारा सुधारला नाही. मार खाणारीला मात्र वाट माहीत होती. आम्ही चुकलो ते इतकंच की ती वाट चालायला तिच्या दारात कुणी गेलं नव्हतं.

ती गोष्ट आत्याबरोबर संपली नाही. आठ दिवसांत सरूकाकू भिंतीशी आल्या, नेहमीची थट्टा न करता. “माझी सखू दोन पंचम्या झाल्या, आली न्हाई. जावई म्हणतो कामं हायेत. तू जातीस का मुराळी?” आई आणि आत्या पाथरीला, सखूच्या सासरी, गेल्या. मग कुणाची भाची, कुणाची नणंद. काही ठिकाणी खरंच कामंच होती. तिथून दोघी पोटभर जेवून, वर खणाची पिशवी घेऊन, लाजत परत आल्या. काही ठिकाणी फळ्या रिकाम्या नव्हत्या, पण पोरगी बोलताना दाराकडे बघत होती. सगळ्याच लेकी माहेरी परत आल्या असं नाही. दोघी जणी ‘काही न्हाई’ म्हणाल्या आणि पुढच्या वेळी बोलल्या. एक कधीच बोलली नाही. तिच्याबद्दल आई आजही बोलत नाही.

आत्या आता परभणीत एका बियाण्याच्या दुकानात काम करते. हात पुरता वर जात नाही. आवाज गल्लीच्या टोकाला पोचतो. हे प्रकरण छापायला देण्याआधी मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “नावगाव बदल, पण आमटीचं ठेव.” नावगाव बदललं आहे. आमटी ठेवली आहे.

आता तुमच्याकडे माझं मागणं आहे, आणि ते मान्य करायला कुठलंही सरकार लागत नाही. तुमच्या नात्यातली, गल्लीतली, वर्गातली एखादी असेल, जिचं येणं बंद झालंय, जिच्याबद्दलची कारणं दुसराच कुणी फोनवर सांगतो. या आठवड्यात गाडी पकडा. न कळवता जा. ओसरीवर बसू नका, आत जा, तिच्याबरोबर चहा करा. एकटीला विचारा, आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. तिला वेळ लागेल. ती ‘काही नाही’ म्हणाली, तर तिला सांगून या की दार उघडं आहे. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा.